खरवडीला पर्याय नव्हे, जोड

जिवंत कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची, कॉन्फोकल मायक्रोस्कोपी (तुकडा न काढता डोळ्यातच थरांची सूक्ष्म चित्रे टिपणारी तपासणी) सर्रास होऊ लागली की त्यावरील व्रणाची खरवड घेऊन प्रयोगशाळेत पाठवण्याची गरजच उरणार नाही, हे लेखातील विधान मला घाईचे वाटते. उसाचे पाचट किंवा भाताचे कुसळ डोळ्याला लागून झालेल्या बुरशीच्या संसर्गात या तपासणीचा मोठा उपयोग होतो, याबद्दल दुमत नाही. कल्चरमध्ये, म्हणजे खरवडीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, बुरशी वाढायला कित्येक दिवस लागतात, तर येथे डोळ्यात बधिरतेचे थेंब घालून, जेल लावलेली टोपी कॉर्नियाला हलकेच टेकवली की लेसरने टिपलेले, जेमतेम ४०० मायक्रॉन रुंदीचे, थराथरांतले चित्र लगेच पडद्यावर येते. करड्या पार्श्वभूमीवर बुरशीचे चमकदार, फाटे फुटलेले तंतू सरावलेल्या नजरेला ओळखू येतात. अकँथअमीबा या डोळ्याला संसर्ग करणाऱ्या एकपेशीय जीवाची पुटी (कवचातली सुप्त अवस्था) मात्र गोल, चकाकणारी, कधी दुहेरी भिंतीची दिसते आणि दाहामुळे जमलेल्या पांढऱ्या पेशीही जवळपास तशाच दिसतात, त्यामुळे नवख्याची फसगत ठरलेली. जिवाणू तर इतके लहान असतात की ते या यंत्राला वेगळे दाखवताच येत नाहीत. शिवाय बुरशी दिसली, तरी ती नेमकी कोणती आणि कोणत्या औषधाला दाद देईल, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी खरवड घ्यावीच लागते. व्रण खोल असून वरच्या थरातून काहीच हाती लागत नसेल, तेव्हा या यंत्राचे खरे मोल कळते, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख राहून गेला आहे.