पी-व्हॅल्यूला वळण कसं लावावं

आधी निष्कर्ष लिहून टाका, आकडे नंतर गोळा करता येतात. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच, पण कळस दिसतो आणि पाया कोण उकरतंय?

समजा, तुमच्याकडे वजन कमी करणारी गोळी आहे. ‘गोळीने काही फरक पडत नाही’ ही झाली शून्य परिकल्पना, म्हणजे आपली जन्माची वैरीण. पी-व्हॅल्यू म्हणजे ही वैरीण खरी असताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये तिच्यासाठी ०.०५ ही रेघ सोयीची म्हणून सुचवली: आकडा त्याखाली आला की निकाल ‘सिग्निफिकंट’, म्हणजे दखल घेण्याजोगा. तुम्ही ती शिलालेख समजा.

गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३ किलो जास्त घटलं, पण पी-व्हॅल्यू आली ०.०८. देव पाण्यात ठेवू नका. चाचणी दुहेरी बाजूची होती, म्हणजे वजन घटलं की वाढलं हे दोन्ही तपासणारी; ती एकेरी करा, फक्त घटलं का तेवढंच पाहा. झाली ०.०४! ‘वजन घटेल अशीच आमची पहिल्यापासून अपेक्षा होती’ हे वाक्य तेवढं घालायला विसरू नका. विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, मात्र छापू नका. ते चुगलखोर असतं: उणे ०.४ ते ६.४ किलो, म्हणजे शून्य आत ऐसपैस बसलेलं.

तरीही जमलं नाही तर वजन सोडा. झोप, रक्तदाब, केस, मूड, जे मोजता येईल ते मोजा. गोळी साफ निरुपयोगी असली तरी एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्यांत एखादी तरी ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता ६४ टक्के. साप म्हणून भुई धोपटणं याला पहिल्या प्रकारची चूक म्हणतात. उरलेल्या १९ चाचण्या लपवल्या की त्यालाच शोध म्हणतात.

साइड इफेक्टसाठी मात्र १२ माणसं पुरेत. इतक्या कमी माणसांत चाचणीला ताकदच नसते, त्यामुळे सहसा काही सापडत नाही. ‘सापडलं नाही’चं ‘नाहीच’ करायला एक शब्द खोडावा लागतो, बास.

०.०४ म्हणजे ‘गोळी ९६ टक्के खरी’ असंही बिनधास्त सांगा. वास्तविक गोळी निरुपयोगी असती तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता, एवढंच तो आकडा सांगतो. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये हे निवेदन काढून बजावलं, पण निवेदनं वाचतो कोण?

कोणी मूळ फाइल मागितलीच, तर लगेच पाठवा. सगळ्याच पाठवा: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’.