किट जळलं नाही, बिजागरीपाशी वायर तुटलीय

पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक किंवा पॉवर विंडो बंद पडली म्हणजे दारात पाणी जाऊन किट जळलं, सरळ नवं बसवा. फ्यूज सारखा उडतोय तर एक नंबर मोठा टाका. दार अडकतंय तर गंज सोडवणारा स्प्रे मारा. बॅटरी रात्रीत उतरली म्हणजे ती संपली. आणि दारात पाणी राहू नये म्हणून खालची भोकं एमसीलने बुजवा. यातला स्प्रेचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बाकीचे चार खिशाला तरी महाग पडतात, नाहीतर गाडीला.

किटचं आधी बघू. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकचं किट म्हणजे डॅशबोर्डखाली बांधलेला छोटा डबा. पाणी गेलं दारात, आणि जळला डॅशखालचा डबा? खरी गोम दोघांच्या मध्ये असते. दार आणि बॉडी यांच्यात, बिजागऱ्यांच्या जवळ, एक रबरी नळी दिसते. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दिवसाला दहा वेळा दार उघडलं तरी वर्षाला साडेतीन हजार आणि पंधरा वर्षांत पन्नास हजारांवर वेळा त्या वायरी एकाच जागी दुमडतात. आतली तांब्याची तार एकेक करत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. म्हणून नुसत्या डोळ्यांनी दोष सापडत नाही.

काही विकत घेण्याआधी एवढं करा. कोणी तरी बटण दाबून धरावं आणि दुसऱ्याने दार सावकाश उघडावं, मिटावं. एका ठराविक कोनात काच हलली किंवा लॉक खटकन वाजलं, तर दोष नळीतच आहे. मग मल्टिमीटर लावून लोक फसतात. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण मोटर ओढायला लागली की व्होल्ट कोसळतात. त्यामुळे मोटरचं कनेक्टर जोडलेलं ठेवून, बटण दाबलेलं असतानाच मोजा, नाहीतर २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरा. बल्ब मिणमिणला की वायर गेली समजा.

कुठलं दार काय करतंय यावरूनही बरंच कळतं. एकच दार मेलंय: त्या दाराची वायर किंवा मोटर. रिमोटने सगळी दारं चालतात, पण ड्रायव्हरच्या दाराचं बटण हाताने दाबून बाकीची हलत नाहीत: ड्रायव्हरच्या दारातली पाच वायरींची मोटर बघा. बाकीच्या दारांत दोन वायरींच्या साध्या मोटरी असतात. पाचवालीत दोन वायरी मोटरच्या आणि तीन इशाऱ्याच्या. या तिन्हींपैकी एखादी अर्धवट तुटली की खड्ड्यातून जाताना लॉक आपोआप वर-खाली नाचायला लागतात, आणि लोक रिमोटचा सेल बदलत बसतात. सगळीच दारं रिमोटलाही दाद देत नसतील, तेव्हा फ्यूज, मग किटचा अर्थ (म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर), आणि सगळ्यात शेवटी किट. शेजारच्या सीटची काच बंद पडली असेल तर ड्रायव्हरकडचा स्विचही तपासा, कारण बऱ्याच गाड्यांत त्या मोटरचा अर्थ तिथूनच फिरून येतो.

वायर जोडायची ती नळीत नाही. जोड ताठ असतो, दुमडला की त्याच्या कडेलाच पुन्हा तुटतो. तुटलेला तुकडा काढून तितक्याच किंवा किंचित जाड, बारीक तारांच्या मऊ ऑटो वायरीचा नवा तुकडा घाला: काचेच्या मोटरला २.५ चौरस मिलिमीटर, लॉकला १ चौरस मिलिमीटर पुरते. एक जोड बॉडीच्या आत आणि दुसरा दाराच्या आत, दोन्हींवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). सगळे जोड एकाच ठिकाणी आले तर नळीत गाठ होते, म्हणून मागेपुढे घ्या. शेवटी दार पूर्ण उघडून वायर ताणली जात नाही ना, ते बघूनच दाराचं आतलं पॅड बसवा.

आता फ्यूज. हा सल्ला या मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा. फ्यूज मोटर वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. पिवळा २० चा काढून हिरवा ३० चा लावला आणि कुठे तरी घासलेली वायर बॉडीला टेकून २५ अँपिअर ओढत राहिली, तर हिरवा फ्यूज उडणारच नाही. मग कार्पेटखाली वायरच फ्यूजचं काम करते, म्हणजे जळते. शॉर्ट शोधायला फ्यूज काढून त्याच्या जागी दोन वायरींनी तोच २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटेल, पण सर्किटमधून दोन अँपिअरच्या आतच करंट जाईल. मग एकेक दार हलवा, लूम (वायरींचा जुडगा) हाताने दाबत जा. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझतो, तिथे टेप उलगडा.

दार अडकण्याबद्दल. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला गंज आणि जत-आटपाडी-माणकडे धूळ, दोन्हीकडे लॅच (दार पकडून ठेवणारा खटका) कडक होतो. पातळ स्प्रे गंज सोडवतो, पण जुनं ग्रीसही धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. म्हणून स्प्रे मारा, कापडाने पुसा आणि वरून पांढरं लिथियम ग्रीस लावा. मेसेजमधला अर्धा सल्ला तो हा. काचेच्या रबरी पट्टीत मात्र तेल नको, रबर फुगतं आणि काच आणखी जड होते. तिथे सिलिकॉन स्प्रे चालतो. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड.

त्याआधी दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचलून बघा. खटखट हललं तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलंय आणि दार खाली बसलंय. पुष्कळ जण अशा वेळी खांबावरचा स्ट्रायकर (लॅच ज्याला पकडतो तो हुक) खाली सरकवून भागवतात. दार लागतं, पण सगळा भार लॅचवर येतो. आधी बिजागरी करा, मग स्ट्रायकर. ढिला करण्याआधी त्याच्याभोवती मार्करने रेघ मारायला विसरू नका. आणि मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर हातोडी घेऊ नका, चाइल्ड लॉकचा खटका बघा.

बॅटरी उतरण्याचा आणि दाराचा संबंध मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आला नाही. दार नीट बसलं नाही की खांबावरचा दाराचा स्विच दाबला जात नाही आणि छतातला ५ वॅटचा दिवा पेटता राहतो. तो साधारण ०.४ अँपिअर खातो. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा निम्मा जीव दोन दिवसांतच जातो. म्हणून आधी मोजा. इंजिन बंद करून काही तासांनी बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ नसेल तर अल्टरनेटरकडे बघा. हे ठीक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरीचं टोक यांच्या मधोमध मल्टिमीटर १० अँपिअरवर जोडा. दारं बंद, अर्धा तास थांबा. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर वीज कुठे गळत नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. बाहेरून बसवलेल्या गाण्याच्या टेपची लाल वायर चावीच्या लाइनऐवजी कायम चालू लाइनला जोडलेली सापडणं नेहमीचंच.

दाराखालची भोकं बुजवू नका, एवढंच. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून पाणी दारात उतरणारच, ते बाहेर जायला ती केलेली असतात. केबल टायने मोकळी करा, स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाय ठेवायच्या जागी पाणी येत असेल तर पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटलाय. तो ब्युटाइल टेपने चिकटवा, खालची कड दाराच्या आत खोचून.

पुरात उभी राहिलेली गाडी तेवढी अपवाद. सांगलीत २०१९ आणि २०२१ ला ज्या गाड्यांत डॅशपर्यंत पाणी आलं, त्यांचं किट खरोखर गेलेलं असू शकतं. तरी नवं जोडण्याआधी पायाजवळचं कार्पेट उचलून अर्थचा बोल्ट काढा. त्याखाली हिरवट-पांढरी पूड दिसली तर धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस लावा आणि जुनंच किट एकदा चालवून बघा.