हा जाड्या कोण, काका?

आज एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. डोक्यावर माझी जुनी निळी टोपी, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल टीमची, फर्नांडोच्या 34 नंबरची. मित्राचा मुलगा, जन्म इथलाच, लॉस एंजेलिसचा. म्हणतो, "काका, आत्ताच्या स्टारची, ओहतानीची घ्या ना! हा जाड्या कोण?" मी तोंड उघडायच्या आत फोनवर बघून निकालही दिला. 173 विजय, 153 पराभव, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, नाही. संपलं! कसाबसा वरणभात गिळला आणि घरी आलो. अजून डोकं तापलेलंच आहे.

अरे, आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फर्नांडो व्हॅलेन्झुएला म्हणजे काय हिशेबाची वही आहे?

1981. मी सांगलीहून नुकताच आलेलो. दिवसा कॉलेज, संध्याकाळी एका वर्कशॉपमध्ये लेथवर. बेसबॉल म्हणजे विटीदांडूचा श्रीमंत भाऊ, एवढीच अक्कल. फोरमन मेक्सिकन, रेडिओवर हाइमे हारीन यांची स्पॅनिश कॉमेंटरी, मला ओ की ठो कळेना. मग त्याने डब्यातलं संत्रं काढलं, ग्रीसने काळी झालेली बोटं सालीवर रोवली आणि मनगट आत पिळून दाखवलं. स्क्रूबॉल, फर्नांडोचा हुकमी चेंडू! बॅटरला वाटतं आत येतोय, जातो बाहेर. म्हटलं, ही तर गुगलीची चुलतबहीण. संत्र्यावर काळे ठसे तसेच. तेच सोलून अर्धं मला दिलं.

तेव्हा बसमध्ये पोरांच्या कानाला वॉकमन, दुकानांत पॅक-मॅनपुढे गर्दी, ऑगस्टात एमटीव्ही सुरू झालं. पण आमच्या ईस्ट एलएत न्हाव्याकडे, तोर्तियावाल्याकडे एकच चेहरा. सोनोरातल्या शेतकऱ्याचं बारावं पोर, वय 20, इंग्रजी येत नाही, पोट सुटलेलं, चेंडू टाकताना डोळे आभाळाकडे. सलग आठ सामने जिंकला, त्यातल्या पाचांत समोरच्यांना एक धाव नाही! त्याच वर्षी साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) आणि रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवख्याचं), दोन्ही. एकाच मोसमात दोन्ही आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. हे नाही दिसलं फोनवर?

बरं, 1986 नंतर धार गेली, खांदा गेला. मान्य. 1991 मध्ये आपल्याच टीमने काढून टाकलं, त्यावर मी आज बोलणार नाही.

फोरमनच्या आईचं सांगतो. चावेझ रविनमध्ये, आज जिथे डॉजर स्टेडियम आहे तिथे, मेक्सिकन वस्त्या होत्या. पन्नाशीच्या दशकात लोकांना उठवलं, घरं पाडली. त्यात त्यांचंही होतं. स्टेडियम 1962 ला उघडलं, म्हातारीने एकोणीस वर्षं तिकडे पाऊल टाकलं नाही. फर्नांडोसाठी मे महिन्यात आली. मीही होतो, सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या रांगेत. आणि नेमका त्याच दिवशी तो पहिल्यांदा हरला! फिलाडेल्फियाकडून, 4-0. फोरमन मान खाली घालून बसला. म्हातारी मात्र ट्रान्झिस्टर काखेत धरून उभी, टाळ्या वाजवतेय. बाहेर पडताना पार्किंगमध्ये थांबली, चपलेने डांबर दोनदा ठोकलं, "इथे कुठेतरी आमचं लिंबाचं झाड होतं," म्हणाली, आणि गाडीत बसली.

फर्नांडो 2024 च्या ऑक्टोबरात गेला, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, तीन दिवस आधी. फोरमन त्याच्या कितीतरी आधी.

पोराचा राग नाही. त्याला काय माहीत, आम्हीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी घरी ये रे. फोन खिशात ठेव. संत्रं मी आणून ठेवतो.