हात बरो आसा हां तिचो!

कुडाळात नाहीतर मालवणात सून म्हणून नांदतेस आणि तुला चित्रं काढायची आहेत? काढ की! कोकणात बाईच्या कलेला कोणी अडवत नाही. उंबऱ्यावरची रांगोळी कोण काढतं? तेरड्याच्या गौरीला साडी कोण नेसवतं? शेजारची काकी बघून म्हणतेच ना, 'हात बरो आसा हां तिचो!'

पथ्य एकच. कला अशी निवड, जी दुसऱ्या दिवशी केरसुणीखाली जाईल. कॅनव्हास टिकतो, आणि टिकणारी वस्तू जागा अडवते. शिवाय त्याच्या कोपऱ्यात सही असते. रांगोळीवर सही केलेली कोणी पाहिली आहे?

हात बसवायचा असेल तर गणपतीच्या शाळेत जा. चवथ जवळ आली की तिथे माणसं कमीच पडतात. शाडूची मूर्ती सुकली की पॉलिश पेपरने घासायची, पांढरा हात द्यायचा, पितांबराचा पिवळा भरायचा, उंदीर रंगवायचा. हे सगळं तुझं. डोळ्यांची आखणी मात्र मालक करणार. तेव्हा तू श्वास रोखून बल्ब धरायचा. गणपती कोणाच्या हातचा, हे त्या दोन रेघांवर ठरतं, तू तासभर घासलेल्या सोंडेवर नाही. आदल्या रात्री पाठ धरली म्हणून मालक चार मूर्तींची आखणी तुझ्याकडूनच करून घेईल. सकाळी तो विषय काढू नये. पेणच्या कारखान्यांतही बायकांचे हात राबतात. पाट्यांवरची नावं तेवढी वाचून ये.

रंगमंच हवा असेल तर जत्रेत दशावतार बघ. परंपरेने सगळी पात्रं पुरुषच करतात. बाप्या साडी नेसून, लिहिलेली संहिता नसताना, उभ्या उभ्या असे संवाद जुळवतो की सगळी जत्रा पहाटेपर्यंत हलत नाही. बाईचं दुःख इतकं छान मांडलं जात असताना बाईने आणखी तोंड कशाला घालायचं? हल्ली बायकाही दशावतार करतात म्हणे. कौतुक आहे, पण रात्रीची जागरणं, घरची चूल... असो.

विषय निवडताना जप. माड, होडी, मावळता सूर्य. रिसॉर्टवाले हौसेने लावतात. कोळीण काढलीस तर हसरी, टोपलीत पापलेट, घामाचा थेंब नको. काजू फोडून दमलेली, ओटीवर लुगडं वर खोचून, तोंड उघडं टाकून झोपलेली सासू तर मुळीच काढू नकोस. चिकाने काळे पडलेले तिचे तळवे तुझ्याइतके घरात दुसऱ्या कोणी बघितलेले नाहीत, ठाऊक आहे. म्हणूनच नको. रंगांबद्दल अवाक्षर निघणार नाही. 'सुनेन सासूक उघडी काढल्यान' एवढंच वाडीभर होईल.

आणि कोणी 'कोकणात बायकांना वाव नाही' म्हणालं, तर हिराबाई पेडणेकरांचं नाव फेक. सावंतवाडीत जन्मल्या, मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककार मानल्या जातात, १९१२ सालचं 'संगीत दामिनी' त्यांचंच. एवढं सांगून थांब. कलावंतिणीच्या घरातली म्हणून लोकांनी काय काय ऐकवलं आणि पुढची वर्षं नाटकापासून दूर, गुहागरजवळच्या पालशेतला कशी गेली, हे पाहुण्यांसमोर कशाला? गेलेल्या बाईचा अभिमान बाळगायला घरच्यांची परवानगी लागत नाही, ही मोठी सोय आहे.

राहता राहिला पैसा. मुंबईचे पाहुणे भिंतीकडे बघून किंमत विचारतील. तू आत चहा टाक. 'पैसे कसले? घरचंच आहे, न्या!' असं भावोजी सांगून टाकतील. तू चित्र जुन्या पेपरात नीट गुंडाळून दे, सोबत आमसुलांची पिशवी ठेव. आमसुलांचे पैसे भावोजी तिथल्या तिथे मोजून घेतील.