घर बदलताना वाचलेले पैसे कुणाच्या अंगावर जातात

परवा भाच्याचा फोन आला. नागपुरातल्या नागपुरातच, मानेवाड्याचं भाड्याचं घर सोडून हिंगणा रोडला चाललाय, पाचव्या मजल्यावर. "मावशी, पॅकर्सवाला साडेअकरा हजार सांगून राहिला. मी म्हटलं कायले द्याचे? छोटा हत्ती टेम्पो सांगतो, चार पोट्टे बोलावतो, संध्याकाळी सगळ्यांना सावजी खाऊ घालतो. तीन हजारात काम होते. बरोबर ना?"

"सांगते रे" म्हणून मी फोन ठेवला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. लग्नानंतरचं हे माझं सातवं घर. चार वेळा आम्ही सगळं स्वतः केलं, एकदा सगळं कंपनीवर सोडलं आणि यंदा महाल या जुन्या वस्तीतून बेसाला येताना दोन्हींच्या मधली वाट धरली. प्रत्येक वेळी पैसे वाचल्यासारखे वाटले आणि प्रत्येक वेळी ते दुसरीकडून गेले. कुठून गेले, ते सांगते.

२०१३ चा मे महिना नागपूरकर विसरणार नाहीत. पारा ४७.९ पर्यंत गेला होता. आपल्याकडे घरं बदलली जातात ती नेमकी मे महिन्यातच, कारण मुलांच्या परीक्षा झालेल्या असतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत नवीन घरात बसायचं असतं. आम्हीही त्याच महिन्यात त्रिमूर्तीनगरहून नरेंद्रनगरला गेलो. ह्यांचे पाच मित्र सकाळी सहालाच हजर. हौसेने आलेले, जिवाला जीव देणारे लोक. दहापर्यंत भांडी, गाद्या, पुस्तकं, कूलर सगळं खाली गेलं. राहिलं होतं लोखंडी कपाट. ते उतरवायचं होतं तिसऱ्या मजल्यावरून, आणि लिफ्ट नव्हती.

कपाट रिकामं केलं, दारांना सुतळी बांधली. वर दोघं, खाली दोघं. जिन्यावरून जड वस्तू उतरवताना बहुतेक भार खालच्या माणसावर येतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट भिंतीला अडलं. वरच्यांनी ते सोडवायला थोडं उचललं आणि सगळा भार खाली डाव्या बाजूच्या माणसावर गेला. त्याने सोडलं नाही. सोडलं असतं तर शेजारच्याच्या पायावर पडलं असतं. धरून ठेवलं, खाली टेकवलं आणि तिथेच पायरीवर बसला. म्हणाला, "काही नाही वहिनी, कळ आली थोडी."

ती थोडी नव्हती. कमरेतली चकती सरकली होती. त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान होतं. तो स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. दीड महिना शटर बंद राहिलं. आम्ही दवाखान्याचं बिल द्यायला गेलो तर हात जोडून म्हणाला, "मित्राच्या घराचे पैसे घेऊ का?" आजही तो आमच्याकडे आला की खुर्चीत बसताना आधी हाताने दांडा धरतो. ते बघितलं की माझ्या पोटात कालवतं. त्या दिवशी चार हमाल सांगितले असते तर फार तर दोन हजार गेले असते. ते आमचे वाचले आणि त्याच्या कमरेतून गेले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली होती की एका पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये. हे सवयीच्या कामगारांबद्दल आहे. आपले मित्र आठवडाभर खुर्चीत बसतात आणि रविवारी एकदम फ्रिज उचलायला येतात, वर नाश्त्याला पोहे-तर्री झालेली असते आणि ऊन मी म्हणत असतं. त्यांच्या पाठीला आपण काय मागतो आहोत, याचा हिशेब कुणी करत नाही.

आता दुसरा हिशेब. "आपणच करू" असं घरात जाहीर होतं तेव्हा त्यातलं "आपण" म्हणजे नेमकं कोण? पहिल्या चारही वेळी ह्यांनी गाडी ठरवली, मित्र बोलावले, आणि ते काम झालं एका दिवसाचं. त्याआधीचे पंधरा दिवस रात्री जेवणं आटोपल्यावर फरशीवर बसून कागदात एकेक कप गुंडाळणारी मी होते. सकाळी डबा करायचा आणि डब्याचीच भांडी बांधायची. नंतर नवीन घरात "चहाची गाळणी कुठे आहे?" हा प्रश्न पण मलाच. मी हौसेने केलं, नाकारत नाही. पण पॅकर्सच्या साडेअकरा हजारांशी तुलना करताना त्या पंधरा रात्री कुणी बाजूला मांडल्या नाहीत, मीसुद्धा नाही. ज्या घरात हे एकटीच्या अंगावर पडणार आहे तिथे मी सरळ म्हणते, कंपनी बोलवा. घरात तान्हं बाळ असेल, आजारी माणूस असेल, तरी बोलवा. त्यात उधळपट्टी काही नाही.

मग तुम्ही म्हणाल, सगळ्यांनीच कंपनी का बोलवू नये? तर पुण्याहून नागपूरला परत आलो तेव्हाची गोष्ट ऐका.

२०२३ साल होतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला होता, त्यामुळे सामान फार तर तीन दिवसांत येईल असं आम्ही धरलं होतं. नववा दिवस उजाडला. रस्ता चांगला असून काय उपयोग? आपलं सामान पूर्ण ट्रकभर नसतं, मग ते पार्ट लोडमध्ये जातं. म्हणजे दोन-तीन घरांचं सामान एका गाडीत, मध्ये गोदामात उतरवणं, दुसरी गाडी भरेपर्यंत थांबणं, पुन्हा चढवणं. प्रत्येक चढउतारीत एखादा कोपरा फुटतो, एखादा खोका बाजूला पडतो. हे आम्हाला बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पुण्यात घरी येऊन यादी केली, रक्कम ठरली, ॲडव्हान्स दिला. नवव्या दिवशी नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून फोन, "मॅडम, सामान जास्त भरलं, आणखी चौदा हजार टाका, मग गाडी सोडतो." घरात सासूबाईंची औषधं संपत आलेली, मुलाची पुस्तकं त्यातच. दिले. दुसरं काय करणार?

सामान आलं तर दोन खोके कमी. एकात माझ्या आईची पितळी परात आणि दोन गंज, म्हणजे पातेली, होती.

तेव्हा पहिल्यांदा मी बिल्टीची, म्हणजे माल भरल्याच्या पावतीची, मागची बाजू वाचली. "मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का होता. नंतर कळलं की नुसत्या शिक्क्याने जबाबदारी झटकता येत नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. नुकसान किंवा गहाळ झाल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावाच करता येत नाही. आणि आपण मालाची किंमत बुकिंगच्या वेळी लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच राहते. म्हणून किंमत लिहून द्या, खोक्यांवर आकडे टाका, यादीवर त्यांची सही घ्या. "इन्शुरन्सचे तीन टक्के" म्हणून पैसे मागितले तर विमा कंपनीची पॉलिसी तुमच्या हातात आली पाहिजे. पॉलिसी नसेल तर ते नुसते जादा पैसे आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, चार महिन्यांनी काही रक्कम परत आली. परात आली नाही.

तरीही गाव बदलायचं असेल तर कंपनीशिवाय इलाज नाही, हे मान्य. सातशे किलोमीटर मित्रांना घेऊन कुठे जाणार? फक्त सर्वांत स्वस्त आकडा सांगणाऱ्याला हो म्हणू नका. आम्हीही तेच केलं होतं.

यंदा मात्र गावातल्या गावात जायचं होतं, महाल ते बेसा. सासरचं जुनं घर, बडकस चौकाच्या मागची गल्ली. गल्लीत छोटा हत्तीसुद्धा वळत नाही. लाकडी जिना, त्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी उतरू शकत नाहीत. ह्या वेळी आधीच ठरवलं, बांधायचं आपण आणि उचलायचं त्यांनी. बांधण्यातलं "आपण" म्हणजे तिघंही. स्वयंपाकघर ह्यांच्याकडे दिलं, मुद्दाम. पुस्तकं मुलाकडे. देवघर, सासूबाईंची ट्रंक आणि पोटमाळा माझ्याकडे.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या ट्रंकेत धुऊन घडी घातलेली माझ्या मुलाची लंगोटं निघाली, वीस वर्षांपूर्वीची. एका पुरचुंडीत अंबाझरीच्या सहलीचं तिकीट. हे सामान परक्या माणसाने बबल रॅपमध्ये गुंडाळून "मिसलेनियस" असं लिहिलं असतं, तर मला ते कधी सापडलं असतं? जुन्या घरातलं सामान बांधताना माणूस निवडत असतो, काय न्यायचं, कुणाला द्यायचं, काय इथेच सोडायचं. हे काम विकत घेता येत असलं तरी मी घेणार नाही. आम्ही तीन आठवडे रोज दोन तास केलं. कुणाची झोप मोडली नाही.

चार ओळी कामाच्या, कारण विचारणारे विचारतात. खोके औषधांच्या होलसेल दुकानांतून आणले, ते लहान आणि मजबूत असतात. पुस्तकं लहान खोक्यातच, नाहीतर उचलणाऱ्याचे हाल. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या लावल्या आणि मध्ये सासूबाईंच्या विरलेल्या सुती साड्या घातल्या. खोक्यावर नाव बाजूला लिहिलं, वर नाही, कारण एकावर एक ठेवले की वरचं दिसत नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून सुकवला, उभाच नेला, पोचल्यावर काही तास तसाच राहू दिला. आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशिनचा ड्रम बोल्ट लावून बांधावा लागतो, ते बोल्ट खरेदीच्या दिवशीच जपून ठेवायचे असतात. इन्व्हर्टरची बॅटरी ॲसिडची, ती कलंडू द्यायची नाही. आणि कूलर! आपला लोखंडी नागपुरी कूलर, खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला. पाणी काढून, बाजूच्या गवताच्या ताट्या सोडवून, मोटर वेगळी करूनच उतरवावा. तो तसाच ओढायला जाऊन खिडकीचे गज वाकवलेले मी पाहिलेत.

उचलायला चार जण सांगितले. प्रत्येकी आठशे, छोटा हत्तीच्या दोन फेऱ्यांचे छत्तीसशे, वरून गल्लीतून रस्त्यापर्यंत हातठेल्याचे तीनशे. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, सडपातळ. आल्या आल्या त्याने काही उचललं नाही. आधी जिना वर-खाली दोनदा चढून पाहिला, कपाट हाताने मोजलं आणि म्हणाला, "ताई, हे जिन्यानं नाही उतरत. दारं काढा लागतीन." दारं काढली. डोक्यावर दुपट्ट्याची चुंबळ, पाठीमागून पट्टा, खालच्या माणसाला वरून सतत आवाज, "थांब... डावा पाय... टेकव." वीस मिनिटांत कपाट हातठेल्यावर. मला २०१३ चा जिना आठवला आणि रडूच आलं. हे सगळं शिकलेलं काम आहे. नुसती ताकद लागते असं आपण समजतो आणि म्हणून भाव करतो.

भाव करूच नका, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे. नोंदणी झालेल्या कामगाराला माथाडी मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळतो. मी त्या चौघांना विचारलं, एकाचीही नोंद नव्हती. पाठ गेली तर त्यांचंही शटर बंद, आणि त्यांना "मित्राच्या घराचे पैसे घेऊ का" म्हणायची चैनसुद्धा नाही. तेव्हा दोनशे रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा सकाळी सहाला बोलवा, अकराच्या आत काम संपवा, माठातलं गार पाणी आणि बसायला सावली ठेवा. आम्ही प्रत्येकाला वर दोनशे दिले आणि सगळ्यांनी एकत्र बसून पोळी-भाजी खाल्ली. एकूण खर्च आठ हजारांच्या आसपास गेला. पॅकर्सपेक्षा कमी, भाच्याच्या तीन हजारांपेक्षा बराच जास्त.

काल त्याला फोन केला आणि हेच सांगितलं. आधी तो म्हणाला, "पण मावशी, पोट्टे तयार आहेत ना, नाराज होतील." मी म्हटलं, बायकोला विचार खोकी कोण भरणार आहे, आणि आजपासून रोज रात्री तासभर दोघं मिळून बसा. उचलायला आमच्याकडच्याच त्या काकांना सांग, नंबर पाठवलाय, सोसायटीत लिफ्ट सामानाला वापरू देतात का तेही आधी विचारून ठेव. आणि पोट्टे बोलाव ना. पण सकाळी सहाला नाही, संध्याकाळी सातला. सावजी तेवढं कायम ठेव.