चित्ररथ बांधणाऱ्या पोरांची नावं कुठे लिहिली जातात?

नोव्हेंबर जवळ येऊ लागला, गोव्यात इफ्फी म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरायची वेळ आली, की माझ्या फोनवर एकाच धर्तीचे निरोप सुरू होतात. "दादा, इफ्फीत कुणाची ओळख करून द्याल?" "दादा, शूटिंगमध्ये काही असेल तर सांगा." पाठवणारी मुलं बहुतेक फोंडा, सत्तरी, डिचोलीकडची. कुणी पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलेलं, कुणी कला अकादमीच्या नाट्य विद्यालयातून बाहेर पडलेलं, कुणी काहीच न शिकता हातात विलक्षण कसब असलेलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. मी चित्रीकरणाच्या कला विभागात आणि नाटकांच्या नेपथ्यात काम करतो, त्यामुळे हे सगळं त्या बाजूचं आहे. गायक-वादकांचं गणित वेगळं, ते त्यांच्यातल्या कुणीतरी लिहावं.

गोव्यात कसब भरपूर आहे आणि ओळखीही भरपूर आहेत. एका गावात चार मंडळं असतात आणि सगळे एकमेकांना ओळखतात. आपण मार खातो तो एकाच जागी: कुणी काय केलं याची नोंद कुठेच नसते.

शिगम्याचे, म्हणजे आपल्याकडच्या होळीच्या सुमाराच्या उत्सवातले, चित्ररथ घ्या. मागे एका गावात मंडळाच्या शेडवर गेलो होतो. कालियामर्दनाचा रथ उभा राहत होता. नागाच्या फण्याचं काम करणारा मुलगा आयटीआय केलेला, दिवसा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आणि जेवून रात्री इथे. मानेचे त्याने तुकडे केले होते, एकेक तुकडा बिजागरीने पुढच्याला जोडलेला, आत सायकलची चेन आणि भंगारातून आणलेली वायपरची मोटर. मोटर फिरली की मान आधी मागे जायची, क्षणभर थांबायची आणि मग पुढे यायची. ते थांबणं त्याने मुद्दाम ठेवलं होतं. "एकदम फुडें आयल्यार भंय दिसना," तो म्हणाला. मी तिथेच बसून राहिलो. प्रेक्षकाला कधी दचकवायचं हे ज्याला कळतं आणि ते लोखंडात करून दाखवता येतं, असा माणूस कुठल्याही कला दिग्दर्शकाला हवा असतो.

त्या रथाला बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात मंडळाचं नाव आलं, अध्यक्षांचा करंडक घेतानाचा फोटो आला. त्या मुलाचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या फोनमध्येही त्या मानेचा धड एक व्हिडिओ नव्हता. होता तो मिरवणुकीतला, लांबून काढलेला, गर्दीच्या डोक्यांवरून. कुंभारजुव्याच्या सांगोडात गणेश विसर्जनाला होड्यांवर देखावे उभे करणारे, दिवाळीला जाळायच्या नरकासुराचे सांगाडे बांधणारे, चवथीच्या मखरासाठी रात्री जागवणारे, सगळ्यांची हीच गोष्ट. मंडळाचं नाव राहतं, माणसाचं पुसलं जातं.

नाटकवाल्यांचं तसं होत नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा यांना स्वतंत्र बक्षिसं असतात आणि निकालात व्यक्तीचं नाव छापून येतं. गावच्या देवळासमोरच्या उत्सवी नाटकातसुद्धा पडदा उघडण्यापूर्वी श्रेयनामावली वाचली जाते. म्हणून पेडण्याचा प्रकाशयोजनाकार काणकोणच्या मंडळाला माहीत असतो आणि त्याला तिथून फोन येतो. चित्ररथाच्या मंडळांनी एवढं एक उचललं तरी खूप होईल. रथाच्या मागच्या फळीवर पाच नावं रंगवा: सांगाडा कुणाचा, रंग कुणाचे, यंत्रणा कुणाची. रंगाचा खर्च दोनशे रुपयेही होणार नाही.

आता काम प्रत्यक्षात कसं मिळतं ते सांगतो, कारण याबद्दल मुलांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. मुंबईची निर्मिती संस्था गोव्यात चित्रीकरणाला येते तेव्हा ती इथला लाइन प्रोड्युसर धरते. परवानग्या, जागा, गाड्या, जेवण, हे सगळं तो बघतो. कला दिग्दर्शक आणि त्याचे मुख्य सहायक मुंबईहून येतात. सुतार-रंगारीही पुष्कळदा तिथूनच बसमध्ये बसून येतात, आणि हे मला मनापासून खटकतं. मग ऐन वेळी काहीतरी अडतं. पोर्तुगीज काळातलं वाटेल असं कपाट हवं असतं, होडी रंगवायची असते, एक सहायक आजारी पडलेला असतो. रात्री दहाला लाइन प्रोड्युसर त्याच्या भरवशाच्या माणसाला फोन करतो: कोण आहे का? तो माणूस आणखी दोघांना विचारतो. अर्ध्या तासात नाव ठरतं आणि सकाळी सहाचा कॉल टाइम असतो. जाहिरात नाही, मुलाखत नाही. त्या अर्ध्या तासात कुणाच्या तरी तोंडी तुमचं नाव यायला हवं, एवढाच सगळा खेळ आहे.

माझ्याकडे असा फोन आला तर मी कुणाचं नाव घेतो? जो वेळेवर येतो, फोन उचलतो आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्पष्ट सांगतो. ज्याच्या कामाचा फोटो मला त्याच क्षणी पुढे पाठवता येतो. हातचं कसब यानंतर येतं, कारण ते साइटवर वाढतं.

म्हणून निरोप पाठवताना "काही असेल तर सांगा" असं लिहू नका. असं लिहा: मी अमुक, गाव केरी सत्तरी. लोखंडी सांगाडे आणि कागदाच्या लगद्याचं काम करतो. सोबत चार फोटो, दुसऱ्यातलं सगळं काम माझं, बाकीच्यांत फक्त वेल्डिंग माझं. दुचाकी आहे, २० तारखेपर्यंत मोकळा आहे. एवढं पुरे. कुठलं काम स्वतःचं आणि कुठलं दुसऱ्याचं हे जो आपणहून सांगतो त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि फोटो काम चालू असतानाचे काढा. आतला सांगाडा दिसला पाहिजे, रंग चढल्यावर सगळंच छान दिसतं.

इफ्फीबद्दल. २००४ पासून तो आपल्याकडे आहे, एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार २००७ पासून. बाजार मुख्यतः त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे पटकथा आहे किंवा अर्धा झालेला सिनेमा आहे आणि ज्यांना निर्माता, वितरक, सहनिर्माता हवा आहे. तुमच्याकडे असं काही असेल तर पैसे साठवून, नोंदणी करून जरूर जा. नसेल तर तिथल्या दारात ओळखपत्र गळ्यात घालून उभं राहून हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा पणजीत सिनेमे बघा आणि शेवटची नामावली संपेपर्यंत खुर्ची सोडू नका. कला विभागात कोण कोण होतं ते वाचा. गोव्याची आडनावं दिसली की लिहून घ्या, त्या माणसांना शोधा आणि त्यांच्या कामातल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल विचारा. आपल्या कामाकडे कुणी एवढं बारकाईने पाहिलंय म्हटल्यावर माणूस भरभरून बोलतो.

हाताने काम करणाऱ्यांसाठी डिसेंबरचा सेरेंडिपिटी कला महोत्सव मला जास्त मोलाचा वाटतो. २०१६ पासून तो पणजीत होतो. जुन्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) इमारतीत आणि आसपास मांडणीशिल्पं, प्रदर्शनं, रंगमंच उभे राहतात. महोत्सवाच्या दिवसांत सगळे फिरायला जातात. कामाच्या ओळखी त्याआधीच्या उभारणीच्या दिवसांत होतात, जेव्हा देशभरातले कलाकार इथे येऊन सुतार, वेल्डर, वायरमन शोधत असतात. तिथे एकदा कुणाबरोबर घाम गाळला की तो माणूस पुढच्या वर्षी आधी तुम्हालाच विचारतो.

पैशाचं बोलणं आपल्याला जड जातं, पण ते बोलायलाच हवं. देवळाच्या उत्सवातलं काम ही सेवा, तिथे मीही एक पैसा घेत नाही आणि घेणार नाही. हॉटेलातल्या लग्नाची सजावट, कंपनीचा कार्यक्रम, जाहिरातीचं शूटिंग, हा धंदा आहे. तिथे "पैसे नाहीत, पण तुझी ओळख होईल" असं कुणी म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा. फुकटात केलेल्या कामाने होणारी ओळख फुकटात काम करणारा अशीच होते. शिफ्टचा दर, किती तासांची शिफ्ट, प्रवासखर्च, पैसे कधी, हे चार मुद्दे काम सुरू होण्याआधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि समोरच्याकडून "ओके" येऊ द्या. मला एका निर्मिती संस्थेने सहा महिने झुलवलं होतं. शेवटी पैसे मिळाले ते केवळ लिहिलेलं होतं म्हणून. बिल स्वतःच्या नावाने, पॅन नंबर घालून द्या. व्यावसायिक शुल्कातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला आयकर, कापला जातो. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कित्येक मुलं तो तसाच सोडून देतात.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पॅकअप रात्री अकराला होतो आणि फोंड्याहून आतल्या गावांत जायला तोवर बस नसते. वेशभूषेत, रंगकामात फार चांगल्या असलेल्या मुली केवळ या एका कारणासाठी काम नाकारतात आणि मग "गोव्यात मुली मिळत नाहीत" म्हणून मुंबईहून माणसं येतात. घरापर्यंत सोडायची गाडी ही मेहेरबानी नव्हे, ती दर ठरवतानाच ठरली पाहिजे. मुलीला एकटीला मागायला संकोच वाटेल. मग विभागात जो ज्येष्ठ असेल त्याने मागावी, आणि गाडी नसेल तर त्या दिवशी उशिरापर्यंत कुणालाच थांबवू नये.

माझ्याबरोबरीने काम करणाऱ्यांनाही एक सांगायचंय. स्वतः गुंतलेले असताना आलेला फोन "नाही जमणार" म्हणून ठेवू नका. दोन नावं द्या. आपलं काम कुणी हिरावून नेईल ही भीती मी समजू शकतो, पण आज एकटा अपुरा पडतो म्हणून उद्या पूर्ण टोळीच मुंबईहून येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मी फोंडा, सत्तरी आणि डिचोली या तीन तालुक्यांची यादी करायला घेतली आहे. नाव, गाव, काय काम येतं, कामाचे दोन फोटो आणि रात्री उशिरा फोन चालेल की नाही, एवढंच हवं. यादी ओळखीच्या कला दिग्दर्शकांना आणि लाइन प्रोड्युसरांना मी स्वतः देईन, कुणाकडूनही दलाली घेणार नाही. नरकासुर जाळून झाले, झोपा झाल्या, की इनबॉक्समध्ये पाठवा. आणि सांगाडा जाळण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा.