खुलासा: मिटलेल्या पॅनेलमधला मजकूर गूगल वाचतं

जळगाव-धुळ्याच्या वेबसाइट करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘उघड-मीट होणाऱ्या पॅनेलमधलं गूगल वाचत नाही, सगळे अकॉर्डियन काढा.’ अकॉर्डियन म्हणजे टिचकी मारली की उघडणारी-मिटणारी हीच पॅनेलं. हा मेसेज बरोबर नाही.

मजकूर पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, आधीपासून असेल, तर पॅनेल मिटलेलं असूनही गूगल तो वाचतं. मोबाइल पानांबद्दलच्या गूगलच्याच मार्गदर्शनात हे लिहिलेलं आहे. अडचण येते ती टिचकी मारल्यावरच मजकूर सर्व्हरवरून आणला जातो तेव्हा. गूगल टिचकी मारत नाही. मेसेजमधून नेमकं हेच गळलंय. पानाचा सोर्स, म्हणजे तोच कोड, उघडून आतलं एखादं वाक्य शोधा, सापडलं तर चिंता नाही.

त्यामुळे सरसकट काढू नका. समजा, केळी पिकाची माहिती देणाऱ्या वेबपानावर ठिबक, खतं, करपा सगळं सलग ओतलं, तर शेतकऱ्याला हवं ते सापडेपर्यंत तो पान बंद करतो. भाव मात्र उघडाच ठेवा. आणि पॅनेल उघडायची टिचकी मथळ्याशेजारच्या नुसत्या बाणावर नको, अख्ख्या मथळ्यावर चालू द्या. रावेरकडे बांधावर एका काकांचा चिकाने माखलेला अंगठा त्या बाणावर चारदा चुकताना मी पाहिलाय.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.